आवाज बंद, तक्रारी निरंक

ढोके साहेबांच्या दोन्ही कानांत कापूस असायचा. थंडी असो की ऊन, असायचाच. आणि तोही असातसा नव्हे. साहेबांचा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेलेला. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, सरकी काढायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून बघायचा, "दुय्यम" म्हणायचं आणि हातातली रुई खिशात टाकायची, ही त्यांची पद्धत. त्याच खिशातून कानाचे बोळे तयार व्हायचे, आणि बोळ्यांसाठी मात्र ते लांब धाग्याची, दुधासारखी पांढरी रुईच निवडायचे. रांगेतले लोक म्हणत, "आपला माल गाडीत आहे तोवर दुय्यम, साहेबाच्या कानात गेला का पहिल्या नंबरचा." एक म्हातारा तर तोंडावर बोलला होता, "मानूस मेल्यावर त्याच्या कानात कापूस घालतेत बाप्पा. साहेबानं ते काम आधीच उरकून ठेवलं." साहेबांना ते ऐकू गेलं नाही. बोळ्यांचा तोच तर फायदा होता.

ते दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्राचे प्रमुख होते आणि मी तिथली कॉम्प्युटर चालवणारी. तांड्यावरची पोर, यवतमाळला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, जिभेला हाड नसलेली. पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब नुकतेच आले होते. त्यांनी टेबलाला हात लावून नमस्कार केला, टेलिफोनचा रिसीव्हर उचलून बाजूला आडवा ठेवला आणि मगच खुर्चीत बसले. मला वाटलं कुणाशी तरी बोलायचं राहिलं असेल. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी रिसीव्हर परत जागेवर ठेवला, तेव्हा कळलं की हा फोन फक्त कुलूप लागल्यावर वाजायला मोकळा असतो.

"राठोड बाई," साहेब म्हणाले, "या खात्यात टिकायचं असन तं एकच गोष्ट ध्यानात ठेवा. आवाज होऊ द्यायचा नाही. आवाज झाला का वर जाते, वर गेला का कागद होऊन खाली येते, अन् कागद आला का मानूस गेला."

हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला हसूही येईना. पण पुढे पाहते तर साहेब बोलल्याप्रमाणे वागणारे निघाले. केंद्रावर तक्रारपेटी होती, नियमच होता तसा. फक्त तिचं तोंड भिंतीकडे होतं. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले होते. पूर्वी रांगेतल्या माणसाला नंबराची चिठ्ठी मिळायची, ती साहेबांनी बंद केली होती. का, तर "चिठ्ठी हातात आली का मानूस खिडकीवर येऊन भांडते. चिठ्ठीच नाही तं भांडन कशावर करन?" मग कुणाचं नाव कितवं ते फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये. नाव पुकारायला भोंगाही नाही. किसन नावाचा चौकीदार रांगेतून फिरायचा आणि ज्याचा नंबर लागला त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगायचा. लग्नाच्या घरी जावयाला जेवायला उठवतात तसा.

हे सगळं कशासाठी, तर निरंकसाठी. दर शनिवारी आमच्या केंद्राचा एक कागद यवतमाळच्या मोठ्या ऑफिसात जायचा. आवक किती, खरेदी किती, आणि शेवटच्या रकान्यात तक्रारी. तिथे साहेब 'निरंक' लिहायचे. निरंक म्हणजे सरकारी भाषेतलं काही नाही. लोक पोराची डिग्री सांगतात तसे साहेब आपलं निरंक सांगायचे. "माह्या साऱ्या नोकरीत एक तक्रार नाही, राठोड बाई. माह्या बरोबरीच्या प्रत्येकाची चौकशी झाली. माह्यी नाही." त्या हंगामात ते रिटायर होणार होते. जानेवारीअखेरपर्यंत तो रकाना असाच कोरा करकरीत गेला की झालं, शाल-नारळ घेऊन माणूस मोकळा. बाकी त्यांना कशाचीही हाव नव्हती, हे मी शपथेवर सांगते. चहासुद्धा ते स्वतःच्या थर्मासमधला प्यायचे.

आता ती वर्षं कोणती होती ते आठवा. कापसानं सारा जिल्हा रडवला होता. दिल्ली-मुंबईचे पेपरवाले जीपा घेऊन गावोगाव फिरत होते, पुढाऱ्यांचे दौरे होत होते, यवतमाळ कुठे आहे हे ज्यांना नकाशावर सापडलं नसतं ते लोक टीव्हीवर यवतमाळबद्दल बोलत होते. साऱ्या देशात आमच्या जिल्ह्याची बोंब, आणि दर शनिवारी आमच्या केंद्राचा कागद म्हणायचा, तक्रारी निरंक. मी एकदा साहेबांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बोंब जिल्ह्याची आहे. केंद्राची नाही."

अशा या शांत संसारात कॉम्प्युटर आला, माझ्याच पाठोपाठ. कानामागून आला आणि तिखट झाला. सुरू करताना तो गाणं म्हणायचा, बंद करताना गाणं म्हणायचा, आणि मधे कुणी काही चुकीचं दाबलं की टण्णकन वाजून पडद्यावर पाटी दाखवायचा. साहेबांना एकदा वाटलं आपणही दोन बटणं दाबून बघावीत. खिडकीला गर्दी होती. साहेबांनी बोट ठेवलं आणि मशीन वाजलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा वाजलं. मग त्यांनी रागानं सगळा पंजाच ठेवला आणि मशीन देवळातल्या घंटेसारखं वाजत सुटलं. खिडकीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "साहेब, चुकलं वाटते."

उभ्या नोकरीत साहेबांना लोकांसमोर असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे काहून वाजते?"

"साहेब, आपलं काही चुकलं की सांगतं ते."

"मले सांग नं मग. लोकायले कायले सांगते?"

मी आधी बाजूचे स्पीकर काढले. दोन दिवस शांततेत गेले. मग कळलं की पेटीच्या पोटातही एक बारीक स्पीकर असतो, तो 'पुक्' करतो. साहेब त्या पुक्‌नं दचकायचे. "स्पीकर काढले म्हनता अन् हे बोलूनच राह्यलं. वेंट्रिलोक्विस्ट आहे काय?" ओठ न हलवता पोटातून बोलणाऱ्या बाहुलीवाल्याचा हा शब्द साहेबांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकला होता आणि जन्मात पहिल्यांदा तो वापरायची संधी त्यांना मिळाली होती. मग मी कॉम्प्युटरच्या आत शिरून आवाजांची यादीच उघडली. चुकीचा आवाज, सूचनेचा आवाज, काहीतरी विचारायचा आवाज, कचरा टाकल्याचा आवाज. एकेकासमोर 'आवाज नाही' असं करत गेले. साहेब मागे उभे राहून देखरेख करत होते. शेवटचा आवाज बंद झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला अर्धा कप चहा मला दिला. त्या ऑफिसात असा मान मला एकटीलाच मिळालेला आहे.

तरीही एक आवाज राहिलाच. यूपीएसचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, वीज गेली की कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा तो डबा. वीज गेली की तो पीं-पीं करायचा, म्हणजे बाई गं, हातातलं काम जपून ठेव, मी आता जाणार. आणि लोडशेडिंगच्या त्या दिवसांत दिग्रसला वीज पाहुणीसारखी यायची. त्यामुळे पीं-पीं रोजचीच. साहेबांनी त्यावर उशी ठेवून पाहिली, डबा गोणपाटात गुंडाळून पाहिला. शेवटी बसस्टँडजवळचे सत्तारभाई बोलावले. सत्तारभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे, रेडिओ गेले तशी ते टीव्हीवर आले, आणि आता कॉम्प्युटरवर हात बसवत होते.

सत्तारभाईंनी डबा उघडला, आतली काळी टिकली स्क्रू-ड्रायव्हरनं दाखवली आणि म्हणाले, "साहेब, ये इसकी जबान है. काट तो दूंगा. पर ये खतरे की घंटी है, देख लो."

"खतरा कोनाले आहे?" साहेब म्हणाले.

"काम को."

"मंग कामाले सांगा. मले कायले सांगते?"

मी मधे तोंड घातलंच. म्हटलं, "साहेब, तो आवाज आपल्याच भल्यासाठी आहे. रांगेची सगळी नावं याच्यात आहेत, छापलेलं काहीच नाही." छापलेलं नव्हतं कारण आमचा प्रिंटर खर्र-खर्र करायचा आणि साहेबांनी शनिवारचा कागद सोडून एरवी त्याच्यावर मेणकापड घालून त्याला दोरी बांधून ठेवली होती. साहेब मला म्हणाले, "राठोड बाई, भल्याचं सांगनारे बी हळू सांगतेत." सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पक्कड चालवली. कट् एवढाच काय तो आवाज झाला. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात भिंतीवरची पालसुद्धा ऐकू यायची.

जानेवारीचा महिना लागला. निरोपाची शाल कोणत्या रंगाची असावी याची चर्चा किसन करू लागला होता, त्याचं म्हणणं मरून. केंद्राबाहेर मात्र कापसाच्या गाड्यांची रांग पार पुसद रोडला जाऊन भिडली होती. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर. लोक गाडीखालीच झोपायचे, तिथेच चूल मांडायचे. मी सकाळी येऊन गेटवर नवीन आलेल्यांची नावं लिहून घ्यायची, मशीनमध्ये टाकायची आणि साहेबांच्या हुकुमाप्रमाणे कागद फाडून टाकायची.

त्या दिवशी दुपारी मी नावंच टाकत होते. थंडीचे दिवस, पंखा बंद. लख्ख ऊन, दिवा बंद. वीज गेली ती मला कळणार कशी? सांगणाऱ्याची तर जीभ कापलेली. डबा बिचारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात जितका वेळ चालता आला तितका चालला, आणि मग पडदा काळा झाला. वीज आली तेव्हा मी मशीन सुरू केलं. सगळं उघडलं, एक रांगेची यादी सोडून. ती उघडेना. मी तिला हरतऱ्हेनं विनवलं. सत्तारभाई आले, त्यांनी विनवलं. यादी गेली ती गेली.

साहेबांना सांगायला गेले तेव्हा मला वाटलं ते माझ्या अंगावर येतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. पण साहेबांनी नुसतं विचारलं, "बाहेर कळलं का?" मी म्हटलं, "अजून नाही." ते म्हणाले, "मंग अजून काही झालं नाही." आणि त्यांनी कानातले बोळे आणखी आत ढकलले.

पण किसनला पुढचं नाव हवं होतं. ते मी कुठून देणार? वजनकाटा रिकामा, गाड्या उभ्या, आणि किसन कुणाच्याही कानाशी येईना. लोक मूर्ख नसतात. थोड्याच वेळात सारी रांग केबिनच्या खिडकीशी आली. साहेब उठून खिडकी लावायला गेले, तर कडीच लागेना. इतकी वर्षं त्या खिडकीवर कुणी जोर दिलाच नव्हता.

मग मीच बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि खरं काय ते सांगून टाकलं. यादी गेली म्हटल्यावर जो गलका झाला तो मी आजवर ऐकला नाही. शिव्यांचं म्हणाल तर वऱ्हाडी, हिंदी आणि आमच्या तांड्यावरची गोरबोली, तिन्ही भाषांत झाल्या, आणि तिन्ही मला कळत असल्यानं मला तिप्पट पोचल्या. पण अर्ध्या तासात त्या गलक्याचीच एक रीत बसली. एक जण ओरडला, "माह्या पुढं महागावचा पिवळा ट्रॅक्टर होता." महागाववाला ओरडला, "होतो. अन् माह्या पुढं हा ढवळ्या-पवळ्यावाला." मग तो ओरडला. जो तो आपल्या पुढच्याचं आणि मागच्याचं नाव सांगू लागला. दोन-दोन दिवस एका चुलीवर भाकरी भाजलेली माणसं ती, एकमेकांच्या बैलांची नावंही त्यांना पाठ होती. मी ओट्यावर बसून लिहीत गेले. ऊन कलायच्या आत रांग जुळली.

साहेब आत बसून हे सगळं ऐकत होते. म्हणजे बोळ्यांतून जेवढं येईल तेवढं. मी आत गेले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "झालं नं? काही लेखी तं नाही नं कोनाचं?" मी म्हटलं नाही. "मंग निरंक," ते म्हणाले आणि थर्मास उघडायला लागले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो थर्मास उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

तेवढ्यात दारात यमुनाबाई उभी राहिली. साठीच्या पुढची, नऊवारीचा काष्टा मारलेली, हातात बैलं हाकायची तुतारी. एकटी बंडी घेऊन आली होती. तिच्या पुढचा माणूस वाट पाहून कंटाळला आणि पहाटेच खाजगी व्यापाऱ्याकडे माल घालून निघून गेला. मागचाही तसाच गेला. त्यामुळे सगळी रांग जुळली, पण यमुनाबाई कुठे होती हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. लोक तिला म्हणाले, मागून ये.

"साहेब, माह्यं म्हननं लिवून घ्या," ती म्हणाली.

साहेबांचा हात थर्मासच्या झाकणावरच थांबला. मग ते उठले. मी त्यांना कुणासाठी उठताना तेव्हाच पाहिलं. "बसा माय," ते म्हणाले. "चहा घ्या. तुमची बंडी आत्ता काट्यावर घेतो, सगळ्याच्या पहिले. किसन."

"चहा नोको," यमुनाबाई म्हणाली. "अन् पहिले बी नोको. पुढं घुसून मोजलं तं हे सारे मले शिव्या देतीन, अन् देल्याच पायजे. मले माह्या जागेवर पायजे. अन् माह्यी जागा गेली कशी, ते लिवा."

"मी पहिली प्रत लावतो तुमच्या मालाले."

"माल पाह्यला काय तुमी?"

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी का केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिचा आवाज मऊ होता, दबका, आणि साहेबांना बोळ्यांमुळे तो धड ऐकू येत नव्हता, एवढंही कारण असेल. त्यांनी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या. दोन्ही टेबलावर ठेवले. आणि म्हणाले, "पुन्हा सांगा माय. पहिल्यापासून."

यमुनाबाईनं पहिल्यापासून सांगितलं. कोणत्या दिवशी निघाली, रस्त्यात चाक कुठे अडकलं, गेटवर मी नाव कसं लिहून घेतलं, चिठ्ठी मागितली तर मिळाली नाही, बैलांना पाणी कुठून आणलं, सकाळपासून किती वेळा किसनला विचारलं आणि किसन कसा बोटानं 'श्श' करत गेला. सांगता सांगता तिनं टेबलावरचा एक बोळा उचलला. सवयीनं. दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून पाहिला.

"हा तं लांब धाग्याचा आहे," ती म्हणाली. "असाच माह्या बंडीत आहे. त्याले तुमी मागल्या साली दुय्यम म्हनलं होतं."

ती सूड म्हणून बोलली नाही, कापूस बघून बोलली. साहेबांचे कान मात्र लालबुंद झाले. ते उघडे असल्यानं मला स्पष्ट दिसले.

तिला कुठे उभं करायचं, हे शेवटी बाहेरच्यांनीच ठरवलं. गेलेल्या दोघांच्या जागा जिथे होत्या तिथेच ती असणार, असं चार जणांनी बोलून जुळवलं आणि तिची बंडी मधे घेतली. हे लोकांना दुपारीच सुचलं नाही, कारण दुपारी ती ओरडली नव्हती. ओरडणाऱ्यांच्या गर्दीत हळू बोलणाऱ्या माणसाचं असंच होतं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मी कॉम्प्युटरचे सगळे आवाज परत सुरू केले. कुणाला विचारलं नाही. सत्तारभाईंनाही बोलावलं. त्यांनी यूपीएसला नवी टिकली लावली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "काटने के ले लिए थे ना, बहन." मशीननं गाणं म्हटलं तेव्हा साहेब आपल्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानात बोळे नव्हते.

शनिवारी कागद करायला बसले. आवक लिहिली, खरेदी लिहिली. शेवटच्या रकान्यावर आले आणि सवयीनं निरंक टाकणार, तर साहेब मागून म्हणाले, "एक लिवा."

मी वळून पाहिलं. रिटायर व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

"साहेब, विचार करा," मी म्हटलं. मी, जी त्यांच्या डोक्यात थर्मास घालणार होते, ती मी. "त्या बाईनं सही वगैरे काही केलेली नाही. ती माल मोजून गावाला गेलीसुद्धा."

"तिनं सांगतलं. मी ऐकलं. लिवा एक."

मी एक लिहिलं. मशीन टण्णकन वाजलं आणि पडद्यावर पाटी आली. तेव्हा मला आठवलं. साहेबांनीच मागे यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्या पोराकडून तो रकाना बांधून घेतला होता, निरंक सोडून दुसरं काही लिहिलंच जाऊ नये म्हणून. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा टण्ण. खिडकीशी दोन-चार लोक होते, तेही वाकून बघायला लागले. मला वाटलं साहेब आता म्हणणार, आवाज बंद करा.

"वाजू द्या," साहेब म्हणाले. "त्याचं बरोबर आहे. चूक माह्यी आहे."

मग त्यांनी स्वतः प्रिंटरची दोरी सोडली, मेणकापड काढून घडी करून ठेवलं. कागद छापील निरंकसकट खर्र-खर्र करत बाहेर आला. साहेबांनी पेन उघडलं, निरंकवर आडवी रेघ मारली, वर 'एक' लिहिलं, पाठीमागे यमुनाबाईचं सगळं म्हणणं लिहिलं आणि खाली सही केली. वळणदार अक्षर होतं त्यांचं. इतकी वर्षं ते एकच शब्द लिहीत आलेले असल्यानं मला ते माहीतच नव्हतं.

कागद यवतमाळला गेला आणि मंगळवारी परत आला. सोबत चिठ्ठी जोडलेली होती. अहवालात खाडाखोड आढळते, सदर रकान्यात पूर्वीप्रमाणे निरंक नमूद करून फेरसादर करावा. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि कागद जसाच्या तसा परत पाठवला. मग फोन आला. फोन येऊ शकला, कारण रिसीव्हर जागेवर होता. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "नाही साहेब, खाडाखोड नाही. दुरुस्ती आहे."

निरोपसमारंभ केंद्राच्याच शेडमध्ये झाला. रुईच्या गाठी बाजूला सारून स्टेज केलं होतं, गावातला मंडपवाला बोलावला होता, माईक होता. यवतमाळहून मोठे साहेब आले. शाल मरून रंगाची निघाली, किसन जिंकला. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, लांबलचक. म्हणाले की अशा कठीण काळात, अशा होरपळलेल्या जिल्ह्यात, संपूर्ण सेवेत ज्यांच्याविरुद्ध तक्रारी निरंक राहिल्या, असा अधिकारी विरळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप उठतात.

ढोके साहेब उत्तराला उठले. माईक हातात घेतला. "एक आहे," ते म्हणाले.

लोकांना वाटलं काही विनोद आहे. ते हसले.

"निरंक नाही, एक आहे. लेखी देली आहे मी. यमुनाबाई म्हनून एक माय..."

माईक केकाटला. नवा माणूस माईक तोंडाशी धरतो तेव्हा होतं तसं, आणि साहेबांना माईकची सवय कुठून असणार? मोठ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मंडपवाल्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी खूण केली. मंडपवाल्यानं बटण फिरवलं. साहेब बोलतच होते. चाक कुठे अडकलं, चिठ्ठी कशी मिळाली नाही, सगळं. पहिल्या दोन ओळींना ऐकू येत होतं, त्यातले निम्मे मोठ्या साहेबांबरोबर आलेले. मागच्यांना फक्त ओठ हलताना दिसत होते. भाषण संपलं असं समजून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग पुढच्यांनीही वाजवल्या. साहेबांनी माईकवर दोनदा टिचकी मारली. काही झालं नाही.

ते खाली उतरले आणि नारळ सांभाळत माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"आवाज कोनं बंद केला?"

"मोठ्या साहेबांनी," मी म्हटलं.

"काहून?"

"खरखर होत होती म्हणे."

साहेबांनी स्टेजकडे पाहिलं. मोठे साहेब घाम पुसत पाणी पीत होते. ढोके साहेबांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ते रडत आहेत, मी रुमालही काढला. पण ते हसत होते, नारळ मांडीवरून घरंगळून जाईपर्यंत हसत होते.

"माह्याच शाळेतला दिसते," ते म्हणाले.

मी नारळ उचलून त्यांच्या हातात दिला.